वादग्रस्त संग्रहालय पाहायला जाताना: ओळंबा, पाणसळ, पन्हळ

इमारत आवडली की नाही, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी तीन गोष्टी तपासा: भिंतीवर चित्र नीट लागतं का, पाणी कुठून वाहून जातं आणि माणसं आत शिरताना कुठे तुंबतात. संग्रहालयांच्या वास्तूंवरची बरीच भांडणं वरवर रूपावरून होतात, पण खरं दुखणं बहुधा या तिन्हींपैकी कुठेतरी असतं.

सोबत फोन (उतार दाखवणारं आणि लक्स, म्हणजे प्रकाशाची तीव्रता, मोजणारं अ‍ॅप घालून), छोटी वही आणि पेन्सिल घ्या. बऱ्याच दालनांत पेन चालत नाही. टेप नेऊ नका, भिंतीजवळ काढलीत तर रखवालदार हटकणारच. अंतर पावलांनी मोजा.

भिंत आणि जमीन

सरावासाठी न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय सर्वांत चांगलं. वास्तुकार फ्रँक लॉइड राइटची ही वास्तू १९५९ साली उघडली; आत चित्रं गोल फिरत वर जाणाऱ्या उताराच्या भिंतीवर लागतात. त्याआधीच, १९५६मध्ये, २१ चित्रकारांनी सही करून कळवलं होतं की या उतारावर आमची चित्रं नीट दिसणार नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं का, हे आजही स्वतः पडताळता येतं.

तिकीट काढण्यापूर्वी संकेतस्थळ बघा. प्रदर्शन बदलताना उताराचा भाग बंद असतो, आणि उतार बंद असेल तर जाण्यात फारसा अर्थ नाही. आत गेल्यावर लिफ्टने थेट वर जा आणि चालत खाली या. राइटच्या मनातही हाच क्रम होता. आता मोजणी.

फोन जमिनीवर ठेवून उतार बघा. तो साधारण ३ टक्के आहे, म्हणजे मीटरमागे ३ सेंटिमीटर. दोन मीटर रुंद चित्र पाणसळीत (अगदी आडवं) टांगलं, तर त्याच्या एका टोकाखालची जागा दुसऱ्या टोकापेक्षा ६ सेंटिमीटरने जास्त भरते. म्हणून सरळ लावलेलं चित्रही वाकडं वाटतं. डोळा चौकटीची तुलना जमिनीशी करतो, ओळंब्याच्या उभ्या रेषेशी नाही.

मग भिंत. ती बाहेरच्या बाजूला कललेली आहे. चित्र घोडीवर (ईझलवर) टेकवल्यासारखं मागे झुकलेलं असावं, असा राइटचा युक्तिवाद होता. चित्राच्या बाजूला उभं राहून मागची फट बघा. बरीच चित्रं भिंतीपासून पुढे काढलेल्या दांड्यांवर उभी धरलेली दिसतील. शिवाय भिंत वक्र आहे. सपाट चित्राच्या मधोमध किती पोकळी राहील, याचा हिशेब सोपा: रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. त्रिज्या १५ मीटर धरली तर २ मीटरच्या चित्रामागे साधारण ३ सेंटिमीटर, ४ मीटरच्या चित्रामागे जवळजवळ १३. मोठ्या कॅनव्हासची पंचाईत इथेच होते. टांगती शिल्पं किंवा मधल्या पोकळीसाठी केलेल्या मांडण्या मात्र इथे अप्रतिम दिसतात. आमच्या मते ही इमारत चित्रांना जाचक आणि शिल्पांना उदार आहे.

उजेड

कागद, कापड, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या आसपास आणि तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत प्रकाश, हा रूढ दंडक. फोनचं अ‍ॅप ढोबळच आकडा देतं, तरी खिडकीजवळ आणि कोपऱ्यात मोजून तुलना करा. काचेच्या मोठ्या छताखाली पडदे कायमचे ओढलेले असतील तर समजा, नकाशातला उजेड प्रत्यक्षात झेपला नाही.

पाणी

हे बाहेरून, शक्यतो पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर तपासा. वास्तुकार डॅनियल लिबेस्किंडची, अमेरिकेतल्या डेन्व्हर कला संग्रहालयाची हॅमिल्टन इमारत २००६ साली उघडली आणि लवकरच छत गळू लागलं. असं का होतं? साध्या उतरत्या छताला एक पन्हळ पुरते. तिरकी प्रतलं एकमेकांत घुसली की प्रत्येक छेदाशी खोबण तयार होते. तिथे बर्फ साचतो, दिवसा वितळतो, रात्री गोठून दरजा रुंदावतो. धातूचे पत्रे उन्हात प्रसरण पावतात, सांध्यातला लवचीक भराव काही वर्षांत कडक होतो. म्हणून टोकांकडे बघण्याऐवजी खोबणींकडे बघा: ओघळ, नव्या भरावाच्या उजळ रेषा, नंतर जोडलेल्या पन्हळी.

पॅरिसच्या पाँपिदू कला केंद्रात (वास्तुकार पियानो आणि रॉजर्स, १९७७) नळ आणि वाहिन्या बाहेर आणल्या, त्यामुळे आत खांबांविना ४८ मीटर रुंद मजले मिळाले. निळा म्हणजे हवा, हिरवा पाणी, पिवळा वीज, लाल माणसांची ये-जा. पण जे बाहेर ते ऊनपाऊस खाणार आणि रंगरंगोटी मागणार. पहिली मोठी दुरुस्ती १९९७मध्ये निघाली. सप्टेंबर २०२५पासून केंद्र पुन्हा बंद आहे आणि २०३०पर्यंत आत जाता येणार नाही.

हलणारे भाग असतील तर वेळ विचारून जा. अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या कला संग्रहालयावरचे, वास्तुकार कालात्राव्हाचे उघडमिट होणारे पंख ताशी ३७ किलोमीटरपेक्षा जोराचा वारा ३ सेकंद टिकला की आपोआप मिटतात.

प्रवेश

लूव्र संग्रहालयाच्या प्रवेशाचा काचेचा पिरॅमिड (वास्तुकार आय. एम. पेई, १९८९) आला तेव्हा पॅरिसमध्ये गदारोळ झाला. उंची २१.६ मीटर, पाया ३५ मीटरचा. आज त्याच्या रूपावर कोणी फारसं भांडत नाही. अडचण खाली आहे. वर्षाला ४०-४५ लाख लोक धरून आखलेल्या दालनात २०१८ साली एक कोटीहून जास्त लोक आले. खाली उतरल्यावर थांबा आणि शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. काच आणि दगडाखाली गोंगाट घुमत राहतो. रांग तपासणीच्या यंत्राशी अडते, तिकिटाशी की जिन्याशी, हे वहीत लिहा. आकार बेधडक असूनही दार कमी पडणं ही वास्तुकाराची चूक मानायची की अंदाज बांधणाऱ्यांची, हे ठरवताना ही नोंद लागेल.

शेवटी इमारतीची मागची बाजू पाहा. सामान उतरवायचा दरवाजा किती उंच आहे, ट्रक सरळ मागे लागतो का, कचऱ्याचे डबे कुठे ठेवलेत. समोरून देखणी असलेली इमारत इथे अनेकदा हात टेकते.