आडनाव आधी, नाव नंतर
नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पोरांनी मला गाठायला सुरुवात केली. "ताई, आयोजन समितीत शिरायचं कसं?" २०१७च्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपला मी नवी मुंबईत सहा महिने कंत्राटावर होते, एवढीच माझी पुंजी.

ही समिती कायमची नसते. आमची स्पर्धा फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, नियमही फिफाचे. स्थानिक समिती तेवढ्यापुरती उभी राहते आणि हिशेब मिटले की गुंडाळते. गणपती मंडळच म्हणा, फक्त पुढच्या वर्षी खजिनदारसुद्धा उरत नाही. आधी मूठभर माणसं असतात, मोठी भरती शेवटच्या काही महिन्यांत होते. म्हणून आत्ताच जाहिराती शोधत बसू नका.

तिकिटं, वाहतूक, निवास, मीडिया, स्वयंसेवक अशी खाती असतात. माझं खातं ॲक्रेडिटेशन, म्हणजे गळ्यातलं कार्ड. फोटो, नाव आणि कुठल्या झोनमध्ये जाता येईल त्याची खूण. सोपं वाटतं ना? आमच्या गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी यायचं. त्याच सवयीने मी स्वतःचा फॉर्म भरला. आधारवर मात्र नाव आधी. पहिल्याच दिवशी गेटवरच्या हवालदाराने मलाच, कार्ड छापणारीलाच, अडवलं. "मॅडम, ये आप नहीं हो." पाऊण तास ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हापासून ओळखपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडल्याशिवाय मी यादी पुढे सरकवत नाही. याचा कंटाळा येणार असेल तर इकडे फिरकू नका.

त्या वर्ल्ड कपला २४ संघ, ५२ सामने, ६ शहरं. पावसाने गुवाहाटीचं मैदान बिघडलं आणि ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना दोन दिवस आधी कोलकात्याला हलवला. बातमी एका ओळीची, पण विमानं, खोल्या, तिकिटं, बंदोबस्त सगळंच नव्याने. तो आपल्या वाट्याला आला नाही म्हणून आम्ही हुश्श केलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे स्पेनने मालीला ३-१ हरवलं. चारही गोल मी भिंतीपलीकडून ऐकले.

तोवर काय करायचं? २०२२च्या नॅशनल गेम्सचं जिम्नॅस्टिक्स इथे समा भागातल्या इनडोअर संकुलात झालं होतं. असं काही गावात आलं की स्वयंसेवक म्हणून नाव द्या. एक्सेल पक्कं करा. गुजराती-हिंदी तुम्हाला येतेच, फोनवर न अडखळता इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

आणि सही करण्याआधी विचारा, पगार समिती देणार की मधली एजन्सी? माझा शेवटचा पगार जानेवारीत आला. समितीच्या ऑफिसात फोन लावत राहिले, पण तिथे उचलायला कोणी उरलंच नव्हतं.