डोळ्याच्या पडद्याची सूज हटत नसेल तर: स्टेरॉइडच्या इंजेक्शनकडे वळताना

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिना) मध्यभागी आलेल्या सुजेवर बहुतेक वेळा आधी बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट यांपैकी एक औषध डोळ्यात इंजेक्शनने देतात. दरमहा एक अशी तीन ते सहा इंजेक्शने वेळेवर होऊनही ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) सूज तशीच दिसली, की स्टेरॉइडचा विचार सुरू होतो. यात ‘वेळेवर’ला फार महत्त्व आहे. जत-आटपाडीहून मिरजेला येणाऱ्या पेशंटच्या दोन इंजेक्शनांत चार महिने गेले असतील, तर औषध लागू पडले नाही असे म्हणायला आधारच नाही. साखर, बीपी आणि किडनीचे रिपोर्टही आधी बघून घ्या. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिने सूज वाढू शकते.

ही सूज अनेकदा नुसत्या गळक्या रक्तवाहिन्यांची नसते, आत दाहही असतो. तिथे स्टेरॉइड उपयोगी पडते. डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची बारीक कांडी डोळ्यात सोडतात, ती हळूहळू विरघळते आणि साधारण तीन-चार महिने काम करते. ट्रायमसिनोलोन स्वस्त पडते, पण त्याचे पांढरे कण काही दिवस नजरेसमोर तरंगतात आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोकाही जास्त. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या, किंवा नुकताच हार्ट अटॅक वा पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या पेशंटसाठी स्टेरॉइडचा पर्याय डॉक्टर लवकर सुचवतात. डोळ्यातले नैसर्गिक भिंग शाबूत असेल, तर मोतीबिंदू वाढणार हे धरूनच चाला.

इंजेक्शनआधी जुने सगळे ओसीटी सोबत न्या आणि चार गोष्टी स्वतःहून सांगा: काचबिंदू आहे का, घरात कोणाला आहे का, पूर्वी स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब वाढला होता का, डोळ्याला कधी नागीण झाली होती का. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागची पातळ पिशवी (कॅप्सूल) फाटली असेल, तर ते आवर्जून सांगा. अशा डोळ्यात कांडी पुढे सरकून बुबुळाला इजा करू शकते.

इंजेक्शनच्या दिवशी सोबत माणूस असू द्या, बाहुली मोठी केल्यावर गाडी चालवता येत नाही. आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, कृष्णेत पोहणे नको.

खरी काळजी पुढे आहे. डोळ्याचा दाब बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी सर्वांत जास्त वाढतो आणि नेमकी तेव्हाच नजर सुधारलेली असते. दुखत नाही, दिसते छान, म्हणून तपासणी चुकते. तासगावकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत तर हमखास. सहाव्या ते आठव्या आठवड्याची तारीख आधीच घेऊन ठेवा. त्याशिवाय पहिल्या आठवड्यात आणि पुढे तिसऱ्या महिन्यात दाब बघतात. वाढलेला दाब बहुतेकांचा थेंबांनी आटोक्यात येतो, पण वेळेत कळला तर. टिमोलोलचे थेंब दिले आणि तुम्हाला दमा असेल, तर घालण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पहिल्या आठवड्यात दुखणे वाढत गेले, डोळा लाल झाला किंवा नजर घटली, तर जंतुसंसर्ग असू शकतो. उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जा. मेडिकलमधून थेंब आणून घरी घालत बसू नका.