"समजलं का?" विचारणं सोडा, त्याऐवजी हे विचारा

माझी पहिली दोन-तीन वर्षं ह्या "समजलं का?"मध्येच गेली, मी विचारायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽऽ बाई", आणि चाचणीत बघावं तर उत्तराच्या जागी प्रश्नच परत उतरवलेला. त्या प्रश्नाला "नाही" म्हणायची हिंमत कुठलं पोर करणार?

प्रश्नांसाठी मोठा उतारा लागत नाही, एक वाक्य पुरतं. मी फळ्यावर लिहिते: आजीने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या आणि झाकण लावलं.

किती पोळ्या जास्त, कोणी घातल्या, ह्याची उत्तरं वाक्यातच आहेत, बोट ठेवून दाखवता येतात, त्यामुळे मागच्या बाकावरचंही तोंड उघडतं. सुरुवात इथूनच, पण मुक्काम नको. मग विचारा, जास्तीच्या पोळ्या कोणासाठी असतील? हे लिहिलेलं नाहीये. कोणी म्हणतं डबा न आणणाऱ्या मैत्रिणीसाठी, कोणी म्हणतं आज मॅच असेल, भूक लागणार. दोन्ही चालेल, फक्त लगेच "कशावरून?" विचारायचं, कारण तिथे पोराला "कारण", "म्हणून", "असेल" वापरून पूर्ण वाक्य बोलावंच लागतं.

माझा आवडता प्रश्न वेगळाच आहे, "घातल्या"च्या जागी "कोंबल्या" लिहिलं तर? एक म्हणाला आजी चिडलीय, दुसरी म्हणाली छे, डबाच लहान आहे. झालं, एका क्रियापदावरून पंधरा मिनिटं भांडण, आणि तेही मराठीत 😄

घरी मराठी नसलेली मुलं असतील (महाराष्ट्रात शाळांमध्ये मराठी सक्तीची करणाऱ्या २०२० च्या कायद्यानंतर इंग्रजी माध्यमातही मराठी आलंय, तिथे अशी बरीच असतात) तर थेट "का" वर उडी मारू नका. आधी हो-नाही, मग "हे की ते" वाला: तो डबा की ती डबा, पोळ्या घातल्या की घातले? उत्तराचे शब्द प्रश्नातच असतात, मुलाला फक्त निवडायचं असतं, आणि लिंग-वचन आपोआप कानावर पडतं.

आता सगळ्यात अवघड, गप्प बसणं. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबत होते, तेच ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही हो, पण वर्गात उभं राहून बघा, जीव जातो. मी मनात "एक आजी, दोन आजी, तीन आजी" मोजते.

आणि नाव नेहमी प्रश्नानंतर घ्यायचं. "रोहन, सांग..." म्हटलं की रोहन सोडून सगळे सुटले, एकजण तर तेवढ्यात पेन्सिलला टोक करायला उठतोच.