उत्तर जर्मनीच्या खेड्यापाड्यांतले किल्ले आणि पडके मठ कसे पाहावेत

सह्याद्रीत गड शोधायचा तर मान वर करायची, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. उत्तर जर्मनीत ही सवय सोडावी लागते. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, श्वेरिन यांच्या भोवतालचा मुलूख दूरवर सपाट आहे. डोंगर नसल्यामुळे इथल्या सरदारांनी पाण्याचा आसरा घेतला. किल्ले तळ्यातल्या बेटावर, दलदलीच्या कडेला, नदीच्या वळणात बांधले. आपल्या भाषेत सांगायचे तर इथे गिरिदुर्ग मोजकेच; भुईकोट आणि जलदुर्गच जास्त. म्हणून सहल आखताना नकाशावर आधी निळा रंग बघा. तळे, खंदक आणि जवळ जुने चर्च असे तिन्ही एकत्र दिसले, तर तिथे काहीतरी सापडण्याची शक्यता बरीच.

नकाशात काय टाइप करायचे

शोधताना चार शब्द पुरतात: बुर्ग (Burg) म्हणजे लढाऊ किल्ला, श्लॉस (Schloss) म्हणजे राजवाडा, क्लोस्टर (Kloster) म्हणजे मठ आणि रुइने (Ruine) म्हणजे अवशेष. पाचवा शब्द ‘बुर्गवाल’ (Burgwall) किंवा ‘रिंगवाल’ (Ringwall). हे मातीचे गोल तट असतात, त्यांतले बरेच मध्ययुगाच्या सुरुवातीला इथे राहणाऱ्या स्लाव्ह टोळ्यांनी बांधलेले. त्यांच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो: बहुतेक ठिकाणी गवताने झाकलेला उंचवटा आणि एखादा माहितीफलक, एवढेच दिसते. पहिल्याच सहलीत तिथे जाऊ नका. जायचेच असेल तर श्टेर्नबेर्गजवळच्या ग्रोस राडेनला जा. उत्खननात सापडलेले स्लाव्ह गाव आणि लाकूड-मातीचा तट तिथे पुन्हा उभारला आहे, त्यामुळे बाकीच्या उंचवट्यांकडे कसे बघायचे ते कळते.

मुक्काम एकाच जागी ठेवा

रोज बॅग उचलून नव्या गावी जाण्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा एक मध्यम आकाराचे गाव निवडा आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत या. माझ्या मते पहिल्या सहलीसाठी तीन भाग चांगले आहेत.

पहिला भाग उत्तरेचा, डेन्मार्कच्या सीमेलगतचा. मुक्काम श्लेस्विगला करा. गावाबाहेर हाइटाबू हे व्हायकिंगांचे व्यापारी ठाणे होते. त्याचा अर्धवर्तुळाकार मातीचा तट अजून उभा आहे, आत काही घरे पुन्हा बांधली आहेत आणि शेजारी संग्रहालय आहे. तिथूनच डानेविर्के ही लांबलचक तटबंदी पश्चिमेकडे जाते. दोन्हींचा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. डानेविर्केमध्ये राजा वाल्डेमार पहिला याने १२व्या शतकात बांधलेल्या विटांच्या भिंतीचा तुकडा आहे. उत्तर युरोपातल्या विटांच्या सर्वांत जुन्या बांधकामांपैकी तो एक. दुसऱ्या दिवशी फ्लेन्सबुर्गहून बस पकडून ग्ल्युक्सबुर्गला जा. १५८२ ते १५८७ या काळात बांधलेला हा पांढरा राजवाडा थेट पाण्यातून वर आलेला आहे. तो काटेकोर अर्थाने मध्ययुगीन नाही. पण त्याच्यासाठी शेजारचा सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा जुना मठ पाडला, त्याचे दगड-विटा इथे वापरल्या आणि मठाची जागा तळ्याखाली गेली. म्हणजे तुम्ही पाहता तो राजवाडा, त्याच्या पोटात आणि समोरच्या पाण्याखाली मात्र मध्ययुग आहे.

दुसरा भाग पूर्वेचा, मेकलेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याचा. मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. ग्राइफ्सवाल्डजवळ एल्डेना इथे ११९९ मध्ये स्थापन झालेल्या सिस्टर्शियन मठाचे अवशेष आहेत: लाल विटांची उंच पश्चिम भिंत, तिच्यात मोठी रिकामी खिडकी आणि भोवती जुनी झाडे. १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठ बंद पडला, तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) त्याची हानी झाली आणि पुढे स्वीडिश अमलात इथल्या विटा तटबंदीच्या कामाला नेल्या गेल्या. या पडक्या भिंतींना पुन्हा मान मिळाला तो चित्रांमुळे. १७७४ मध्ये ग्राइफ्सवाल्डला जन्मलेल्या कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने त्या वारंवार रंगवल्या. १९व्या शतकात पाडापाडी थांबली आणि भोवती बाग झाली. जागा उघडी आहे, तिकीट नाही. ग्राइफ्सवाल्डहून बस आहे, पण रिक नदीच्या काठाने सायकलवर जाणे जास्त चांगले.

याच भागात नॉयब्रांडेनबुर्ग आणि बुर्ग श्टारगार्ड ही जोडी एका दिवसात होते. बर्लिनहून थेट रीजनल गाडी नॉयब्रांडेनबुर्गला येते. १९४५ मध्ये जुने गाव जवळपास सगळे जळाले, पण भोवतीचा दगडी तट आणि विटांच्या चारही वेशी वाचल्या. तटाच्या बाहेरच्या बाजूने पूर्ण फेरी मारा. भिंतीत बसवलेली छोटी घरे, ज्यांना वीकहाउस म्हणतात, तिथूनच नीट कळतात. पहाऱ्याच्या जागा होत्या त्या. मग एकाच स्टेशनच्या अंतरावर श्टारगार्ड. १३व्या शतकातला हा किल्ला जर्मनीतला सर्वांत उत्तरेकडचा टेकडीवरचा किल्ला मानला जातो. चढ आपल्या हिशोबाने किरकोळ, पण बुरुजावरून दिसणारा मुलूख बघितला की एवढ्याशा उंचीचेही इथे किती मोल होते ते समजते.

श्वेरिनचा राजवाडा बेटावर आहे आणि देखणा आहे. आजचे रूप मात्र १८४५ ते १८५७ मधले. त्यात राज्याची विधानसभा भरते. श्वेरिनचा वारसा यादीत समावेश झाला तो २०२४ मध्ये, नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. वाटेत असेल तर थांबा.

तिसरा भाग दक्षिणेकडचा, हार्त्स डोंगराचा. मुक्काम ग्योटिंगन किंवा गोसलारला. डोंगराशिवाय चैन पडत नसेल तर इथूनच सुरुवात करा. बाड हार्त्सबुर्गला बुर्गबेर्गवर राजा हेन्री चौथा याने ११व्या शतकात किल्ला बांधला. सॅक्सनांनी बंड केले आणि १०७४ मध्ये किल्ला पाडला गेला. तीनच वर्षांनी हाच हेन्री पोपची क्षमा मागायला इटलीतल्या कानोसाला गेला. वर पाये, विहीर आणि भिंतींचे तुकडे उरले आहेत. रोपवे आहे, पण पायी जा, जंगलातली वाट छान आहे. ग्योटिंगनजवळ प्लेसे किल्ल्याचे दोन बुरूज उभे आहेत. आणि वाल्केनरीडचा मठ चुकवू नका. ११२७ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या चर्चची फक्त हाडे उरली आहेत, १५२५च्या शेतकरी बंडापासून त्याची पडझड सुरू झाली. बाजूच्या अंगणाभोवतीची छताची चौकोनी ओसरी मात्र शाबूत आहे. चर्च का पडले आणि ओसरी का राहिली, हे संग्रहालयात शिरण्याआधी स्वतः दोन्हींत उभे राहून बघा.

तिकीट आणि बस

सहल फसते ती बहुतेक वेळा बसमुळे, म्हणून इथे वेळ द्या. महिनाभर किंवा दोन-तीन आठवडे फिरणार असाल तर डॉइचलांड-तिकीट घ्या. ते २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. सगळ्या रीजनल गाड्या, शहर-बस आणि गावच्या बस त्यात येतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत. ते वर्गणीसारखे आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहते, म्हणून त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायला विसरू नका. एक-दोनच दिवस फिरायचे आणि सोबत चार जण असतील तर त्या राज्याचे दिवसाचे तिकीट स्वस्त पडते. ते पाच जणांपर्यंत चालते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच.

रेल्वे वेळापत्रक सहज कळते. गावच्या बसचे तसे नसते. त्या मुख्यतः शाळेच्या मुलांसाठी धावतात. वेळापत्रकात फेरीच्या डोक्यावर एखादे बारीक अक्षर असते आणि खाली त्याचा अर्थ दिलेला असतो: फक्त शाळेच्या दिवशी, किंवा फक्त सुट्टीत. शनिवारी फेऱ्या तुरळक, रविवारी अनेक मार्गांवर एकही नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी परतीची शेवटची बस बघा, मग जाण्याची. काही भागांत ‘रूफबुस’ असते, म्हणजे फोन किंवा ॲपवरून आधी कळवले तरच येणारी बस. आदल्या दिवशीच कळवा आणि थांब्याचे नाव लिहून ठेवा.

नवख्याने म्हणूनच स्टेशनपासून चालत गाठता येतील अशी ठिकाणे आधी घ्यावीत: श्टारगार्ड, वाल्केनरीड, ब्रेमेन-ओल्डेनबुर्ग मार्गावरचे हुडे, नेदरलँड्सच्या सीमेजवळचे बाड बेंटहाइम. हुडेला विटांच्या मठाचे अवशेष आहेत. बेंटहाइमचा किल्ला उत्तरेत अपवाद म्हणावा असा: वालुकाश्माच्या खडकावर, त्याच दगडाने बांधलेला.

कधी जावे

एप्रिलअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. हिवाळ्यात लहान किल्ल्यांची दारे बरीचशी बंद असतात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये उलट, रात्री दहाच्या आसपासही उजेड असतो. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद, दुकाने रविवारी बंद. रविवारी जाणार असाल तर पाणी आणि खाणे शनिवारीच घ्या. खेड्यातल्या खानावळीचे स्वयंपाकघर दुपारी बंद असू शकते. किल्ल्यातल्या कॅफेत मात्र दुपारी कॉफी आणि केक मिळतो. सुटे युरो जवळ ठेवा. पायांत पकड असलेले बूट हवेत आणि पाऊस नसला तरी रेनकोट हवा.

पोहोचल्यावर काय बघायचे

आधी आत शिरू नका. खंदकाच्या बाहेरून पूर्ण फेरी मारा. पाणी कुठून आत येते, दरवाजा कुठल्या बाजूला आहे, बाहेरचे आवार आणि आतला बालेकिल्ला कसे वेगळे केले आहेत, हे बाहेरूनच समजते.

मग भिंतीच्या पायाशी वाका. तळाला बऱ्याचदा मोठे गोल धोंडे दिसतील. हिमयुगातल्या हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियातून वाहून आणलेले हे दगड शेतात सापडत, ते गोळा करून पायात घातले. बांधकामाचा दगड या मैदानात मिळत नाही, चिकणमाती मात्र भरपूर. म्हणून १२व्या शतकापासून इथे विटा भाजू लागल्या. मध्ययुगीन वीट आजच्यापेक्षा मोठी असते, साधारण २८ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ९ जाड. एकाच भिंतीत मोठ्या विटांच्या वर लहान, सारख्या आकाराच्या विटा दिसल्या, तर वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीचा असण्याची शक्यता जास्त. काळ्या झाक असलेल्या चकचकीत विटा मुद्दाम झिलई देऊन भाजलेल्या असतात, त्या नक्षीसाठी.

मुख्य बुरुजाला बेर्गफ्रीड म्हणतात. त्याचा जुना दरवाजा शोधा. तो जमिनीपासून कितीतरी वर असतो, लाकडी शिडीने चढायचा आणि शिडी आत ओढून घ्यायची. खाली आज दिसणारे दार बहुतेक वेळा नंतर फोडलेले असते. भिंतीतल्या चौकोनी भोकांच्या रांगा म्हणजे तुळया बसवण्याच्या जागा. त्या मोजल्या की किती मजले होते ते कळते. अर्धवट उंचीवर लटकलेली चूल दिसली तर तिथे खोली होती.

आणि एक प्रश्न प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: उरलेला माल गेला कुठे? दगड दुर्मीळ असलेल्या मुलखात पडकी भिंत म्हणजे आयती खाण. गावातली कोठारे, चर्चचे कुंपण, जुन्या घरांचे पाये बघा, मठाच्या विटा तिथे दिसू शकतात. हॅम्बुर्गच्या उत्तरेकडच्या बाड झेगेबेर्गला तर टेकडीच गेली. ११३४ मध्ये सम्राट लोथारने तिथल्या जिप्समच्या टेकडीवर किल्ला बांधला, १६४४ मध्ये स्वीडिश सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि मग जिप्समसाठी टेकडी खणत गेले, १९३१ पर्यंत. किल्ल्याच्या विहिरीचा खालचा भाग उरला. खाणीच्या खड्ड्यात आता खुले नाट्यगृह आहे. किल्ला दिसत नाही म्हणून हे ठिकाण टाळू नका. कुठल्याही भक्कम बुरुजाइतकेच ते बोलते.

नियम आणि काळजी

‘बेट्रेटन फेरबोटन’ म्हणजे आत जाण्यास मनाई, ‘आइनश्टुर्त्सगेफार’ म्हणजे कोसळण्याचा धोका, ‘प्रिव्हाट’ म्हणजे खासगी. अनेक अवशेष आजही जुन्या घराण्यांच्या मालकीचे आहेत, त्यांच्या अंगणातून जाताना पाटीवर लिहिलेल्या वाटेनेच जा. भिंतीवर चढू नका. विटेचा तुकडाही उचलू नका. धातुशोधक यंत्र परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि ड्रोनसाठी आधी नियम बघा. उंच गवतात शिरलात तर संध्याकाळी अंगभर गोचीड तपासा, विशेषतः गुडघ्यामागे आणि काखेत. तिच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ उमटले तर डॉक्टर गाठा.

वाटेत कोणी भेटले तर ‘मोइन’ म्हणा. उत्तरेत हा नमस्कार सकाळ-संध्याकाळ कधीही चालतो. गावातल्या वडीलधाऱ्यांना किल्ल्याबद्दल विचारले तर ते मनापासून सांगतात, फलकावर नसलेलेही.

तारखा हातात असतील तर सप्टेंबरचा दुसरा रविवार गाठा. त्या दिवशी देशभर ऐतिहासिक वास्तू लोकांसाठी खुल्या ठेवतात. एरवी कुलूपबंद असलेले बुरूज, तळघरे, खासगी वाडे उघडतात आणि दुरुस्ती करणारे कारागीर स्वतः समजावून सांगतात. कुठे काय उघडे आहे त्याची यादी आधीच प्रसिद्ध होते. ती बघून दोनच ठिकाणे निवडा, जवळजवळची, कारण तो रविवार असतो आणि बसचे वेळापत्रक तेच राहते.