मनातलं मिनिट घड्याळाशी ताडून पाहताना

मोबाइलचं स्टॉपवॉच आणि कागदाची पट्टी, एवढंच लागतं. पट्टी आकड्यांवर चिकटवा, 'लॅप'चं, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवणारं बटण मात्र उघडं ठेवा. स्टॉपवॉच सुरू करा. तयार झालात की लॅप दाबा, मिनिट झालं असं वाटलं की पुन्हा दाबा. थोडं थांबून पुढची खेप. अशा दहा खेपा होईपर्यंत पट्टी काढायची नाही. एकदा '४८ सेकंद' दिसले की पुढच्या खेपेला हात आपोआप रेंगाळतो आणि पुढचे आकडे वाया जातात. यादीतले सम क्रमांकाचे लॅप तुमचे. विषम म्हणजे मधली विश्रांती.

मनात 'एक, दोन, तीन' म्हणू नका. तसं केलं तर मोजला जातो तो आकडे म्हणण्याचा वेग. मोजणं थांबतच नसेल तर एखादं छापील पान मोठ्याने वाचा, पण मग दहाही खेपा वाचूनच करा. लक्ष दुसरीकडे गेलं की मिनिट लांबतं, त्यामुळे दोन्ही प्रकार मिसळले तर सरासरीला अर्थ राहत नाही.

सरासरी ४५ सेकंद आली तर ६० भागिले ४५, म्हणजे १.३३. आतलं घड्याळ एक तृतीयांशाने पुढे पळतंय. इथे बरेच जण उलटा अर्थ लावतात: लवकर थांबणाऱ्याला बाहेरचा वेळ संथ वाटत असतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या खेपेतला फरकही लिहा. तो २० सेकंद असेल तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या सरासरीतल्या ३ सेकंदांच्या फरकावरून काहीच ठरवू नका.

अंगात ताप असेल तर तशी नोंद हवीच. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ हडसन होगलंड यांनी १९३३ साली दाखवलं की ताप चढला की माणूस सेकंद भराभर मोजतो. उलट टोकाला फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र. १९६२ मध्ये दोन महिने घड्याळाविना गुहेत राहताना त्यांना सेकंदाला एक या अंदाजाने १२० पर्यंत मोजायला सुमारे ५ मिनिटं लागली.

सरलेल्या वेळेचा अंदाज तपासायचा तर दुसऱ्या कुणाला अचानक विचारा, "किती वेळ झाला असेल?" आधी सुगावा लागू देऊ नका, खोलीतली घड्याळं काढून ठेवा. ही चाचणी एका माणसावर एकदाच होते. दुसऱ्या वेळी तो पहिल्या क्षणापासून वेळेवर लक्ष ठेवून बसलेला असतो.