आधी विचारा, मग टोचा : ग्रामीण विदर्भात ॲलर्जीचे रुग्ण पाहू लागणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

नागपुरात मेडिसिनमध्ये एम.डी. करून मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी रुग्ण पाहू लागलो, तेव्हा ॲलर्जी हा मोठ्या शहरातील लोकांचा आजार आहे अशी माझी समजूत होती. पहिल्याच हंगामात ती मोडली. सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराच्या धुळीने धाप लागलेले मजूर येतात आणि पावसाळ्यानंतर गाजर गवताने मान, पापण्या व कोपरांच्या घड्या काळवंडून जाड झालेले शेतकरी येतात. या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे निदान बहुधा वावराविषयीच्या दोन प्रश्नांत होते. ‘निंदणाच्या दिवसांत वाढते काय?’ आणि ‘चार दिवस परगावी गेलात तर कमी होते काय?’

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, चाचणीपेक्षा विचारपूस मोठी आहे. रुग्ण म्हणतो, ‘अंगावर पित्त उठलं जी.’ या ‘पित्ता’त साधी गांधी (अर्टिकेरिया, म्हणजे खाजून उठणारे फुगीर चट्टे), घामोळे, गोचिडाचा चावा आणि क्वचित रक्तवाहिन्यांचा दाहसुद्धा असतो. मी एका चट्ट्याभोवती पेनाने गोल काढतो आणि रुग्णाला दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बोलावतो. गांधीचा एकेक चट्टा साधारणतः २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरतो. गोलातला चट्टा तसाच टिकला, दुखू लागला किंवा मागे काळा डाग राहिला, तर बायोप्सीचा विचार करावा लागतो. गांधी ६ आठवड्यांहून अधिक काळ उठत असेल, तर तिला बाहेरचे कारण बहुधा सापडत नाही. तरीही वांगे, अंडी, तूरडाळ असे सगळे सोडून वाळलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि हातात शंभरेक पदार्थांचा रक्त-अहवाल असतो. अशा वेळी झोप न आणणारे अँटीहिस्टामीन रोज, लागल्यास चौपट मात्रेपर्यंत देणे, हाच खरा उपचार होय.

‘आयजीई वाढले म्हणजे ॲलर्जी’ हे समीकरण आपल्या भागात तर मुळीच चालत नाही, कारण पोटातील जंतांमुळेही आयजीई (ॲलर्जीशी जोडलेले रक्तातील प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. रात्री कोरडा खोकला येतो, दम भरतो, वजन थोडे घटते आणि वर्षानुवर्षे ‘दमा’ म्हणून गोळ्या चालू असतात. अशा तरुणाच्या रक्तात इओसिनोफिलची संख्या ३,००० च्या वर निघाली, तर हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा इओसिनोफिलिया मनात आणलाच पाहिजे. डायइथिलकार्बामाझिन हे हत्तीरोगावरचे औषध ३ आठवडे दिल्यावर यातील बहुतेकांचा खोकला उतरतो. ज्याला जन्मभर पंप लागेल असे सांगितले गेले होते, तो महिनाभराने रात्रभर झोपतो.

विचारपूस झाल्यावरच सुई हाती घ्यावी. प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर ॲलर्जीकारक पदार्थाचा थेंब ठेवून त्यातून हलकेच टोचण्याच्या चाचणीत, हिस्टामिनचा आणि मिठाच्या पाण्याचा असे दोन थेंब सोबत लावलेच पाहिजेत, अन्यथा निकालाला अर्थ उरत नाही. साधारण १५ ते २० मिनिटांनी, मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी गाठ आली तर ती सकारात्मक धरतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. म्हणून मी दिवा बाजूने तिरपा धरतो, बोटाने गाठीची कड चाचपतो, पेनाने आखतो आणि तो आकार चिकटपट्टीने उचलून केसपेपरवर लावतो. आधीचा आठवडाभर खोकल्याचे कोणते औषध घेतले हेही विचारावे, कारण सर्दी-खोकल्याच्या बाटलीतील अँटीहिस्टामीन सगळी चाचणी पुसून टाकते. गाजर गवतासाठी मात्र पॅच टेस्ट लागते, म्हणजे पदार्थ लावलेल्या पट्ट्या त्वचेवर चिकटवतात, आणि त्या पट्ट्या ४८ तास पाठीवर राहाव्या लागतात. मे महिन्याच्या उन्हात त्या घामाने सुटतात, म्हणून मी हे काम हिवाळ्यावर ठेवतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ग्रामीण रुग्णालयात मधमाश्या चावलेला एक तरुण आला. अंगभर गांधी, दोनदा उलटी आणि चक्कर होती, पण दम लागलेला नव्हता. म्हणून मी अँटीहिस्टामीन व हायड्रोकॉर्टिसोन देऊन त्याला खुर्चीवर बसवून ठेवले. अर्ध्या तासात नाडी लागेना. तेथील ज्येष्ठ सिस्टरने न विचारता ॲड्रेनालीन भरून माझ्या हाती दिले, म्हणून तो वाचला. उलटी आणि चक्कर हीसुद्धा ॲनाफिलॅक्सिसची (जीवघेण्या तीव्र ॲलर्जीची) लक्षणे आहेत, हे मी वाचलेले होते आणि तरीही थांबलो. ॲड्रेनालीन प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, रुग्णाला आडवे करून पाय उंच, आणि गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा, हे भिंतीवर लिहून लावा. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. तिची त्वचेवर आधी केलेली चाचणी प्रतिक्रियेचा अंदाज देत नाही आणि त्यात वेळ मात्र जातो. त्याऐवजी लस सुरू करण्याआधीच ॲड्रेनालीन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे. सुट्टी देताना, आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आले तर परत या, हेही सांगावे.

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांविषयी थोडेच लिहितो, कारण मी असे रुग्ण मोजकेच पाहिले आहेत. वारंवार न्यूमोनिया होणारे, वजन न धरणारे तान्हे बाळ आले, तर साध्या रक्ततपासणीतून लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराची) एकूण संख्या, एकूण पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइटची टक्केवारी यांचा स्वतः गुणाकार करून काढा. ती ३,००० च्या खाली असेल तर जिवंत लसी थांबवून मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेशी किंवा चंदीगडच्या पीजीआयशी संपर्क साधा. आईला हलक्या आवाजात विचारा, ‘याच्या आधीचं एखादं लेकरू गेलं काय, बाई? तुमच्या माहेरी एखादा भाऊ लहानपणीच गेला होता काय?’ या उत्तरासाठी तिला वेळ द्या, सासूला थोडे बाहेर बसवा.

शिक्षणाचा मार्ग विचाराल, तर बहुतेकजण मेडिसिन, बालरोग, छातीविकार किंवा त्वचारोग यांतून येतात. क्लिनिकल इम्युनॉलॉजीतील (प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या शाखेतील) डी.एम. ही एम.डी.नंतरची पदवी लखनौच्या एसजीपीजीआय आणि पुदुचेरीच्या जिपमेरमध्ये करता येते. लहान मुलांसाठीची डी.एम. चंदीगडला आहे. त्याआधी सहा महिने एखाद्या तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात, ऑक्टोबर ते मार्च या काळात, मळणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बसा.