बॅक फाइलने वाचवलं

चार तासांचा फ्लोअर प्लॅन. शेवटचं सेव्ह कधी केलं ते आठवत नाही आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, हे तेव्हा कळलं. पुन्हा उघडल्यावर ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) म्हणालं, ड्रॉइंग फाइल खराब आहे. रिकव्हर कमांड दिली, तर निम्म्या भिंती गायब!

मग त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची 'बॅक' एक्स्टेन्शनची फाइल दिसली. दर सेव्हला आधीची आवृत्ती तिथे राहते. तिची कॉपी काढली, एक्स्टेन्शन बदलून 'डीडब्ल्यूजी', म्हणजे ऑटोकॅड ड्रॉइंगचं नेहमीचं, केलं. उघडली! पण ती होती जेवणाआधीची.

उरलेलं ऑटोसेव्हमध्ये सापडलं. ती फाइल ड्रॉइंगशेजारी नसते, टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये असते आणि एक्स्टेन्शन 'एसव्ही' आणि त्यानंतर डॉलरचं चिन्ह. ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर सेव्हफाइलपाथ टाइप केलं की त्या फोल्डरचा पत्ता मिळतो. तिचंही एक्स्टेन्शन बदललं. शेवटच्या दहाएक मिनिटांचं काम तेवढं गेलं. दोन दरवाजे आणि मापं. एक लक्षात ठेवा, प्रोग्राम नीट बंद केला की ऑटोसेव्ह फाइल आपोआप पुसली जाते. म्हणजे 'सेव्ह नको' दाबलंत तर तिच्या भरवशावर राहू नका.

आता सेव्हटाइम, म्हणजे ऑटोसेव्हची वेळ, १० वरून ५ मिनिटं केलाय, आयसेव्हबॅक १ आहे ना, म्हणजे बॅक फाइल बनणं चालू आहे ना, ते पाहिलंय. कंट्रोल-एस तर बोटांना सवयच लागली. संध्याकाळी तारखेच्या नावाने एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. यूपीएसची बॅटरीही बदलली, उशिरा का होईना.